दिवेलागणीची मोजदाद

खोली दाखवून झाल्यावर घरमालकांनी दोन अटी सांगितल्या. दोन्हींचा भाड्याशी संबंध नव्हता.

"दिवेलागणीला दिसायचं," ते म्हणाले. "दिसनार नसला तर सकाळी सांगून जायाचं. आनि जेवल्यावर भाईर येऊन बसायचं. येक बिडी संपंपत्तोर. बिडी वढा न्हाईतर नका वढू, येळ तेवडा द्यायचा."

मी सांगलीच्या एका दैनिकात काम करत होतो. आमच्या धंद्यात परतायची वेळ ठरलेली नसते, असं मी त्यांना सांगितलं.

"येळ नसंना. सांगायला तोंड हाय न्हवं?"

ही सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. माधवनगरला कापडगिरणीच्या मागं त्यांच्या खोल्या होत्या. समोरासमोर पाच-पाच, मध्ये अंगण, एक नळ, आणि फाटकापासून तीस पावलांवर लिंबाखाली कट्टा. एका खोलीत ते स्वतः राहत, नऊ खोल्यांत भाडेकरू. बहुतेक जण गिरणीतले. घरमालकांना सगळे आबा म्हणत. त्यांची बायको मी येण्याच्या बऱ्याच आधी वारली होती, मुलगी आटपाडीकडं दिली होती. माझी खोली तीन नंबरची.

अटी ऐकून माझा ग्रह झाला की माणूस संशयी आहे आणि भाडेकरूंवर पाळत ठेवतो. पाळत ते ठेवत होते, एवढं खरं.

आबांचं घराणं पूर्वेकडच्या कोरड्या भागातलं, मेंढरांमागं फिरणारं. वयाच्या तिशीपर्यंत ते कळपाबरोबर होते. एका दुष्काळात कळप गेला, तेव्हा ते माधवनगरला आले आणि गिरणीच्या फाटकावर रखवालदार म्हणून लागले. तिथं त्यांनी वीस वर्षं काढली. नोकरी सुटली तरी संध्याकाळी अंगणाच्या फाटकाकडं तोंड करून बसायची सवय सुटली नाही. खांद्यावर घोंगडं, डोक्याला पटका, उन्हाळ्यातसुद्धा. दिवे लागायच्या सुमाराला माणसं एकेक करून आत येत. आबा कुणाशी बोलत नसत, बोटांवर मोजत नसत, ओठ हलवत नसत. शेवटचा माणूस आत आला की मोठ्यानं म्हणत, "आलं समदं." मग उठून जेवायला जात. पाळीवर गेलेले गिरणीत आहेत, हे त्यांच्या हिशेबात धरलेलं असे.

माझ्या शेजारच्या खोलीतली हौसाक्का हे शब्द कानावर पडल्याशिवाय भाकरी थापायला बसत नसे. मी तिला एकदा तसं म्हटलं, तेव्हा तिनं ते साफ नाकारलं. "माझा तवा तापायचा असतुया," ती म्हणाली. तवा रोज त्याच क्षणी कसा तापतो, हे मी विचारलं नाही.

मोजता कसं, असं मी आबांना विचारलं होतं.

"मोजलं की चुकतं," ते म्हणाले. "येक लेकरू दोनदा मोजलं जातंय, येक ऱ्हातंय. मेंढरं वाघरीत, जाळीच्या वाड्यात घालताना कोन मोजतंय? वळखायचं. कोन कुनाच्या मागनं येतंय ते ध्यानात ठेवायचं. मागचं म्होरं आलं की समजायचं, मधलं गळलं."

पहिल्याच वर्षी एका संध्याकाळी मी सकाळी न सांगता कचेरीत थांबलो. एका सहकारी संस्थेची सभा लांबली होती, तिची बातमी लिहायची होती. जेवणाच्या सुमाराला आबा सायकलवरून सांगलीला आले आणि थेट संपादक खात्याच्या दारात उभे राहिले. अंगावर घोंगडं होतंच.

"आमचं येक मानूस हितं हाय का?"

मुख्य उपसंपादकांनी नाव विचारलं. आबांना माझं नाव माहीत नव्हतं.

"तीन नंबर," ते म्हणाले. "चष्मेवालं. चालताना खाली बगतंय."

मी हात वर केला. आबांनी मला पाहिलं, "हाय" एवढं म्हणाले आणि गेले. पुढचे काही महिने कचेरीत माझं नाव तीन नंबर होतं. मात्र त्यानंतर मी सकाळी सांगून जाऊ लागलो.

दुसऱ्या अटीमागंही मेंढरंच होती. "जनावर खातंय तवा त्येच्याकडं बगायचं न्हाई," आबा सांगत. "आजारी जनावर बी खातंय. खाऊन बसल्यावर बगायचं. रवंथ करत नसलं तर समजायचं, आत कायतरी बिघाडलंय." माणसाचं रवंथ म्हणजे बोलणं, असं त्यांचं मत होतं. जेवल्यावर जो बोलत नाही त्याला खाल्लेलं अंगी लागत नाही, हेही ते खात्रीनं सांगत. गिरणीच्या डॉक्टरांना त्यांनी ते ऐकवलं होतं. डॉक्टर हसले होते, त्यामुळं आबांनी त्यांच्याकडं जाणं बंद केलं होतं.

कट्ट्यावर ते स्वतः फारसं बोलत नसत. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत. "आज काय चुकलं?" कसं काय चाललंय असं विचारलं की माणूस बरं चाललंय म्हणतो आणि बोलणं संपतं, म्हणून हा प्रश्न. साच्यावरचा, म्हणजे मागावरचा माणूस ताण्याचा धागा तुटल्याचं सांगे, दुसऱ्याच्या डब्यात मीठ नसे. मी एकदा एका गावाची बातमी दुसऱ्या गावाच्या नावावर छापल्याचं सांगितलं, ते लोकांना फारच आवडलं. हौसाक्का म्हणायची, "माझं काय बी चुकत न्हाई."

"मग उद्या दोन सांग," आबा म्हणायचे.

अंगणात पाटा-वरवंटा एकच होता, नळाजवळ रोवलेला. बायकांनी दुसरा मागितला तर आबा ऐकून घेत नसत. त्यांच्या खोलीत काडेपेटी नसे. चूल पेटवायला ते रोज वेगळ्या दारात जाऊन निखारा मागत आणि तेवढ्यात आत डोकावून येत. हौसाक्का म्हणायची, "आबा इस्तू न्यायला येत न्हाईत, झडती घ्याय येत्यात." आबांना हे वर्णन मान्य होतं.

आठ नंबरच्या खोलीत शालन आणि तिचा नवरा राहत. ती पाटणकडची, वय तेवीस. नवरा गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होता. मार्गशीर्षात त्याला कावीळ झाली आणि अकराव्या दिवशी तो गेला. मूल नव्हतं. दिवस-कार्य झाल्यावर सासरची माणसं परतली. शालन खोलीतच राहिली. ती दाराशी बसे आणि समोरच्या भिंतीकडं पाहत राही. हाक मारली तर मान वळवायची, उत्तर द्यायची नाही. पाण्याची घागर नळाखाली लावून ती निघून जाई. घागर भरून वाहू लागली की कुणीतरी नळ बंद करी.

माघात तिचा भाऊ आला. ऊसकरी शेतकरी, आवाज मोठा, मनानं वाईट नव्हता. बहिणीची दशा पाहून तो घाबरला होता आणि घाबरल्यामुळं ओरडत होता. तिला घरी न्यायला आला होता, पण तिनं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली ती सोडली नाही.

"हिला भाईरचं लागलंय," तो आबांना म्हणाला. "आमच्या वाटंवर येक देवऋषी हाय. त्येच्याकडं पंधरा दीस ठेवायची. बऱ्याच बाया बऱ्या झाल्यात म्हनत्यात. आत्ता ऊस तुटतुया, मला हलता येत न्हाई. शिमग्याला येतो. तवा उचलून न्यावी लागली तरी नेनार."

"तिला काय लागल्यालं न्हाई," आबा म्हणाले. "कळपातनं सुटलीया."

"आवं आबा, ती मानूस हाय. बकरं हाय व्हय?"

भाऊ गेला.

तसल्या एका देवऋष्याच्या ठिकाणी मी बातमीसाठी जाऊन आलो होतो. ते गाव वेगळं होतं. तिथं एक बाई पायात साखळी घालून खांबाला बांधलेली मी पाहिली होती. तिच्या पाठीवर वळ होते. बातमी छापून आली, पुढं काही झालं नाही. हे मी आबांना सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं.

"शिमग्याला किती दीस हायत?"

मी मोजून एकोणचाळीस म्हणून सांगितलं.

"लय न्हाईत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या खोल्यांना पाळ्या लावून दिल्या. रोज एका घरानं शालनचं जेवण न्यायचं, आणि ती जेवेपर्यंत तिच्याजवळ बसायचं. तिला एकटं म्हणून सोडायचं नाही. सगळ्यांनी ते मनापासून केलं. हौसाक्कानं पहिल्याच दिवशी पुरणपोळी नेली. बायका शालनजवळ बसत, तिच्या पाठीवरून हात फिरवत, रडत. कुणाची बहीण अशीच लवकर विधवा झाली होती, कुणाची जाऊ. त्या हकिगती शालननं सगळ्या ऐकल्या. ताटातलं अन्न तसंच राही. सातव्या-आठव्या दिवसापासून ती दिवसाही आतून कडी घालू लागली.

दहाव्या दिवशी मी वेळेवर परतलो होतो. आबा कट्ट्यावर होते. अंगण नेहमीसारखंच होतं. ते म्हणाले, "आलं समदं," आणि उठले. तेवढ्यात हौसाक्का हातात झाकलेलं ताट घेऊन आठ नंबरकडं गेली आणि तशीच परत आली.

"आबा, शालन कुटं हाय?"

"दारात हुबी हाय की."

अंगणात जे होते ते सगळे आठ नंबरकडं पाहू लागले. हौसाक्का पुन्हा तिथवर गेली. चौकटीवर लुगडं वाळत घातलेलं होतं, ते तिनं ओढून काढलं आणि हातात धरून उभी राहिली.

"ह्ये लुगडं हाय, आबा."

आबांनी लगेच माणसं वाटली. दोघे गिरणीच्या विहिरीकडं, दोघे बुधगावच्या रस्त्याला, हौसाक्का देवळात. मी आणि ते स्टेशनकडं निघालो. वाटेत त्यांना दोनदा ठेच लागली. अंधार अजून पडायचा होता. ते माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लक्षात आला नाही.

शालन फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसली होती. जवळ पिशवी नव्हती, तिकीट नव्हतं. पायांत चपलाही नव्हत्या. आबा त्याच बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसले. मी उभा राहिलो.

"कुटं निघालीस?" आबांनी विचारलं.

"ठावं न्हाई." थोड्या वेळानं ती म्हणाली, "दोन गाड्या गेल्या. कुटल्या गाडीत बसायचं कळंना." आणि मग, कुणी न विचारता, "समदी येत्यात. ताट ठेवत्यात. मी किती घास खाल्लं ते बगत बसत्यात. मला वाटाया लागलंय, मी आता नुसती जेवायपुरती ऱ्हायलीया. माझं कुनाला काय काम न्हाई."

नवरा गेल्यापासून तिचं एवढं बोलणं मी ऐकलं नव्हतं.

"चूक माझी," आबा म्हणाले. "लंगडं मेंढरू कळपाच्या मधी घालत्यात. चारी बाजूनी ऊब लागती, बरं हुतंय. मला वाटलं मानसाचं बी तसंच आसंल. तुझ्या भावानं सांगितलं हुतं, ध्यानात घेतलं न्हाई." ते थांबले. "दुसरी चूक त्येच्याहून मोठी हाय. तू हितं बसली हुतीस आनि मी तितं आलं समदं म्हनून उठलो. दारात लुगडं हुतं. वाऱ्यानं हाललं. मला वाटलं, तू."

शालननं त्यांच्याकडं पाहिलं.

"दिसत न्हाई तुमास्नी?"

"दिवाळीपास्नं. मानसं नुसती हलत्याली दिसत्यात. चालीवरनं वळखत हुतो. खोकल्यावरनं. तुझी चाल लय दीस झालं ऐकलीच न्हाई, तू बसूनच."

"कुनाला सांगितलं न्हाई?"

"तुला सांगतुया."

मी तीन पावलांवर उभा होतो, पण ते मला मोजत नव्हते.

"उद्यापास्नं कट्ट्यावर माझ्याजवळ बस," आबा म्हणाले. "कोन आलं, कोन न्हाई, तू सांग. मोठ्यांदा म्हनायचं काम मी करतो."

"मला न्हाई जमायचं."

"मग उद्या आनि कोनतरी ऱ्हाईल मागं. मला कळायचं न्हाई."

एक मालगाडी गेली. ती पुरती निघून गेल्यावर शालन उठली. स्टेशनच्या पायऱ्या उतरताना तिनं आबांचा हात धरला, कारण त्यांना पायऱ्या दिसत नव्हत्या. मी मागं चालत होतो. घरी पोचेपर्यंत तिनं हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पाळ्या बंद झाल्या. आबांनी नवा हुकूम काढला. आठ नंबरकडं कुणी भरलं भांडं न्यायचं नाही. जायचं तर रिकामं भांडं घेऊन जायचं आणि काहीतरी मागायचं.

"आवं आबा, काल भरून न्या म्हनलासा, आज रिकामं न्या म्हनतासा," हौसाक्का म्हणाली. "उद्या आमाला काय भांडं डोक्यावर घालून नाचाय लावतासा?"

"उद्याचं उद्या सांगतो."

हौसाक्का मीठ मागायला गेली. तिच्या घरात मीठ भरपूर होतं, हे शालनला माहीत असणारच. पहिल्या दिवशी शालन "न्हाई" म्हणाली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तिनं मीठ दिलं आणि वाटी परत केव्हा आणणार, असं विचारलं.

कट्ट्यावर पहिले तीन दिवस ती पदर पुढं ओढून नुसती बसली. आबा विचारायचे, "येक नंबर?" ती मानेनं हो म्हणायची. आबांना मान दिसायची नाही, म्हणून ते पुन्हा विचारायचे. शेवटी तिला बोलावं लागायचं. "आलं." मग पुढचा नंबर. नऊ खोल्यांत मिळून एकतीस माणसं होती. त्यांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलत. कोण केव्हा येणार हे कळायला तिला ज्याला त्याला विचारावं लागलं. ती विचारू लागली.

आबा फक्त आला की नाही, एवढंच पाहत आले होते. शालनच्या लक्षात आणखी काही येई. एका संध्याकाळी ती म्हणाली, "सहा नंबरचं मामा आल्यात. पर मधी थांबून भितीला हात लावला." आबांनी माणूस पाठवला. मामांना सणसणून ताप होता आणि ते कुणाला न सांगता पांघरूण घेऊन पडले होते. दुसऱ्या दिवशी पेज करून शालनच त्यांच्याकडं गेली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचं दुःख कमी झालं, असं मी लिहिणार नाही. ते मोजायचं साधन माझ्याजवळ नव्हतं. काही दिवस ती पुन्हा कडी घालून बसे. आबा दाराबाहेरून एवढंच म्हणत, "शालन, दिवं लागलं. मी हितं आंधळा बसलोय." बहुतेक वेळा कडी निघे. दोनदा निघाली नाही. त्या दोन दिवशी आबा "आलं समदं" म्हणाले नाहीत, आणि हौसाक्काच्या भाकऱ्यांना उशीर झाला.

जेवल्यावर बसायची अट तिलाही होती. आबांनी प्रश्न तिच्यापर्यंत आणला की ती गप्प राही आणि ते पुढच्याकडं वळत. सतराव्या संध्याकाळी, आज काय चुकलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "भात करपला."

हौसाक्का म्हणाली, "आगं मग आन की हिकडं. आमच्या मालकास्नी करपल्यालाच लागतुया. माझ्या हातचं खाऊन सवय झालीया."

"म्हंजे तुझं बी चुकतंय तर," आबा म्हणाले.

लोक हसले. शालन हसली नाही. ती आत गेली आणि पातेलं घेऊन आली. करपलेला भात सगळ्यांनी थोडा थोडा खाल्ला. वाईट होता.

शिमग्याला तीन दिवस राहिले असताना तिचा भाऊ आला. त्या दिवशी मी पुन्हा न सांगता अडकलो होतो, त्यामुळं सुरुवातीचं मी हौसाक्काकडून ऐकलं. भाऊ दिवेलागणीच्या थोडं आधी पोचला. शेवटच्या गाडीनं परतायचं त्यानं ठरवलं होतं. शालन कट्ट्यावर होती. तो म्हणाला, "कापडं भर."

ती म्हणाली, "बस जरा, दादा. आजून दोगं यायचं हायत."

भावाला वाटलं, हे खुळाचंच बोलणं. तो आबांकडं पाहत बसला. थोड्या वेळानं साच्यावरचा एक जण आला. तरी ती उठेना. भाऊ म्हणाला, गाडी जाईल. ती म्हणाली, "जाऊ दे. तीन नंबर आला न्हाई."

मी पोचलो तेव्हा आठ वाजायला दहा मिनिटं होती. फाटक लावून वळलो तोच शालन कट्ट्यावरून उतरून माझ्या समोर आली.

"घड्याळ हाय न्हवं हातात? का शोभंला बांधलंय? सकाळी सांगून जायाला काय झालं हुतं? समद्या जगाच्या बातम्या पेपरात छापतासा, सोताची येक सांगाय हुईना? हितं म्हातारं मानूस उपाशी बसलंय. माझा भाव पाटणासनं आलाय, त्येची गाडी चुकली. कुनामुळं?"

मी चूक झाली म्हणालो.

"चूक जेवल्यावर सांगायची," ती म्हणाली आणि मागं वळून मोठ्यानं ओरडली, "आबा, आलं समदं!"

ते शब्द त्या अंगणात आबांशिवाय कुणी उच्चारल्याचं मी प्रथमच ऐकलं. शालनचा भाऊ तोंड उघडं टाकून बहिणीकडं पाहत होता.

"आबा," त्यानं हळू आवाजात विचारलं, "हिचं ह्ये कवापास्नं?"

"काय?"

"ह्ये. भांडान."

"रोजचंच हाय," आबा म्हणाले. "आमाला सवय झालीया."

भाऊ रात्री राहिला. शालननं त्याला वाढलं, आणि तो नको म्हणत असताना आणखी एक भाकरी ताटात टाकली. सकाळी पहिल्या एसटीनं तो निघाला, एकटाच. मी ब्रशनं दात घासत अंगणात उभा होतो. फाटकाशी तो घुटमळला.

"देवऋष्याला आज आनतो म्हनून सांगितलंय. आता त्येला काय सांगू?"

"भनीला सवड न्हाई म्हनावं," आबा म्हणाले.

तो हसला. मग पटका सोडून त्यानं तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसत राहिला, आणि गेला.

चैत्रात आबांना मिरजेला नेलं. मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनला ते तयार नव्हते. शालननं त्यांच्याशी दोन दिवस बोलणं टाकलं, तेव्हा तयार झाले. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना उताणं निजवलं होतं. मान हलवायची बंदी होती. शेजारच्या खाटांवर कोण कोण आहेत आणि त्यांच्याकडं कुणी भेटायला येतं का, हे ते शालनला विचारत. ज्याच्याकडं कुणी येत नाही अशा एका म्हाताऱ्याला तिनं त्यांच्या सांगण्यावरून चहा नेऊन दिला.

जाड भिंगांचा चष्मा लावून आबा परत आले. त्या संध्याकाळी सगळे कट्ट्याभोवती जमले. आता त्यांचं काम ते परत घेणार, असं सर्वांनी धरलं होतं. शालन कट्ट्यापाशी उभी होती, बसली नव्हती. आबांनी फाटकाकडं पाहिलं, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"आजून धुरकाटच हाय," ते म्हणाले. "बस, पोरी. सांग."

ती बसली.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी कचेरीतून वेळेवर परतत होतो. फाटक उघडून आत पाऊल टाकलं तोच कट्ट्यावरून आबांचा आवाज आला.

"पेपरवालं, शर्टाचं दुसरं बटान कुटं पाडलासा?"

मी खाली पाहिलं. दुसरं बटण नव्हतं. दोरा लोंबत होता.

आबांच्या शेजारी शालन सुपात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. ती फाटकाकडं पाहू लागली, माझ्याकडं, मग आबांकडं. आबांनी घाईघाईनं चष्मा उतरवला होता आणि ते तो पुसत होते.

शालननं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"आबा," ती त्यांच्या कानाजवळ वाकून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तीन नंबर आलं."

"आलं व्हय," आबा म्हणाले. आणि अजून कोण कोण यायचं राहिलंय, ते त्यांनी तिला विचारलं.